तिसरा रकाना

कुमुदताईंच्या हातातलं लाल पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थबकलं!

तोपर्यंत त्यांनी तीन चुका काढल्या होत्या. एक स्वल्पविराम, एक क्रियापदाचा काळ, आणि एकाच वाक्यात दोनदा आलेला तोच शब्द. केंद्र सरकारात चौतीस वर्षं पी. ए. म्हणून काढलेली बाई ती! भल्याभल्या सचिवांच्या इंग्रजीला तिने कात्री लावलेली. दुपारी सुनेने हॉस्पिटलमधून फोन केला, "आई, टेबलावर निळी फाईल आहे. त्यातलं माझं पत्र एकदा नजरेखालून घालाल? उद्या स्कॉटलंडला पाठवायचंय." कुमुदताईंनी पत्र तपासलं, आणि त्यामागे टाचलेले कागदही पुढ्यात ओढले. अर्धवट काम टाकून उठायची सवयच नव्हती त्यांना.

मागच्या कागदांवर कुणा ‘श्रीमती के.’ नावाच्या बाईशी झालेलं बोलणं शब्दशः उतरवलेलं होतं. वय अडुसष्ट. मुलगा अपघातात गेलेला. ‘अरेरे, बिचारी!’ असं मनाशी म्हणत कुमुदताई वाचत होत्या, दुरुस्त्या करत होत्या... आणि इंग्रजी मजकुराच्या मधोमध दोन मराठी शब्द आले. ‘पोटचा गोळा’. त्यापुढे कंसात त्याचा अर्थ. बाई म्हणत होती, माझा पोटचा गोळा गेला आणि मी मेले कशी नाही, त्या वेळी मी चहा गाळत होते, मला काही कसं जाणवलं नाही...

चहा गाळत होते!

हे तर त्या स्वतः बोलल्या होत्या. याच टेबलाशी, याच खुर्चीत बसून, गेल्या फेब्रुवारीत. समोर सून होती, कादंबरी. डोळ्यांत पाणी आणून ऐकत होती. आणि नंतर आपल्या खोलीत जाऊन तिने ते सगळं लिहून काढलं होतं! ती बिचारी श्रीमती के. म्हणजे दुसरीतिसरी कुणी नव्हती... दिल्लीतल्या द्वारकेत सातव्या मजल्यावर राहणारी कुमुद विलास राजाध्यक्ष होती!

पेन गळून पडलं. कानांत पुन्हा तो आवाज सुरू झाला. खर्र... खर्र... काचेवरून वायपर फिरल्यासारखा. गेली सहा वर्षं तो आवाज या घरात होता. कधी पंख्यातून यायचा, कधी शेजारच्यांच्या कुकरमागून. दिवेलागणीच्या सुमारास तर हमखास. कुमुदताईंनी त्याबद्दल कुणाला म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वीचा तो जानेवारी! यतीन कंपनीच्या कामासाठी पानिपतला गेला होता, आणि येताना हायवेवर धुक्यात त्याची गाडी उभ्या ट्रकवर आदळली. डिकीत पडद्याच्या कापडाचा गठ्ठा सापडला. कादंबरीने सांगितलं होतं आणायला. "पानिपतला जातोच आहेस तर बैठकीच्या पडद्यांचं कापड बघ ना," एवढंच ती म्हणाली होती. कुमुदताईंनी तेवढंच वाक्य उचललं आणि घट्ट धरून ठेवलं. तुझ्या पडद्यांपायी गेला माझा मुलगा! तू धाडलंस त्याला! तेराव्याला तर कहर झाला. साऱ्या सोसायटीतली माणसं जमलेली, त्यांच्यादेखत त्या कादंबरीच्या वडिलांना, हणमंतरावांना म्हणाल्या, "अशी कशी अवदसा दिलीत हो माझ्या घरात!" साताऱ्याचे ते निवृत्त हेडमास्तर, खाली मान घालून, हात जोडून उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी दिल्लीचं तोंड पाहिलं नाही.

आणि कादंबरी? ती माहेरी निघून जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती गेली नाही. इथेच राहिली, नोकरी सोडून समाजकार्याची पदवी घेतली, एका मोठ्या हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात लागली. सकाळी सासूच्या गोळ्या काढून ठेवायच्या, संध्याकाळी भाजी घेऊन यायची, टोमणे ऐकायचे आणि गप्प बसायचं. ‘दगड आहे दगड,’ कुमुदताई शेजारणीला सांगायच्या. ‘डोळ्यांतून टिपूस नाही!’

मग गेल्या हिवाळ्यात एक नवल झालं. ती दगडासारखी सून एका संध्याकाळी चहाचे दोन कप घेऊन समोर बसली आणि हळूच म्हणाली, "आई, यतीन लहानपणी कसा होता हो?" पाच वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं! लोक तर यतीनचं नाव निघालं की विषय बदलत. कुमुदताईंचा बांधच फुटला. त्या संध्याकाळपासून रोजचा नेमच झाला. त्या बोलायच्या, ती ऐकायची. मध्येच एखादा प्रश्न विचारायची, पण असा, की आतलं काहीतरी हलकं व्हावं. कुमुदताईंना वाटू लागलं होतं, उशिरा का होईना, देवाने आपल्याला लेक दिली... आणि आता बघा! ती माया नव्हतीच! तो अभ्यास होता अभ्यास!

संध्याकाळी कुलूप उघडल्याचा आवाज आला. कादंबरी आत आली, टेबलावरचे विखुरलेले कागद तिने पाहिले, आणि खांद्यावरून काढलेली पर्स तशीच हातात राहिली.

"ये ना," कुमुदताई म्हणाल्या. आवाज थंडगार. "श्रीमती के. वाट बघतायत तुझी."

"आई..."

"मी तुझी केस होते? वर्षभर मला चहा पाजलास तो याच्यासाठी? मी इथे काळीज काढून ठेवत होते आणि तू आत जाऊन त्याचे रकाने पाडत होतीस! अगं, यतीनच्या मरणावर व्हिसा काढायला निघालीस? लाज कशी नाही वाटली?"

स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या ज्या संस्थेला ते पत्र जायचं होतं तिथे, ज्यांची माणसं अचानक गेली आहेत अशांना आधार देण्याचं शिक्षण मिळतं. बारा महिन्यांची इंटर्नशिप. परदेशी उमेदवाराला संस्था स्वतः स्पॉन्सर करते, आणि त्या स्पॉन्सरशिपच्या सर्टिफिकेटवरच व्हिसा मिळतो. जगभरातून दोन जागा, त्यातली एक कादंबरीला मिळाली होती. तिथून शिकून आल्यावर आपल्या हॉस्पिटलच्या अपघात विभागाबाहेर, जिथे नातेवाईक सुन्न होऊन बसलेले असतात, तिथे असंच काम उभं करायचं, एवढा एकच ध्यास तिला होता. व्हिसा केंद्राची तारीखसुद्धा मिळाली होती, आठ डिसेंबर. निवडीसाठी अशा संवादांच्या नोंदी मागितल्या होत्या. श्रीमती के.च्याच दोन नोंदी तिने आधी पाठवल्या होत्या आणि त्यांवरच निवड झाली होती. ही शेवटची, तिसरी.

"सुरुवातीला मी फक्त माझ्यासाठी लिहीत होते, आई," ती कशीबशी म्हणाली. "शप्पथ. आम्हाला तशी सवयच लावतात... बोलणं झालं की घरी येऊन आठवेल तसं उतरवायचं. मग त्यांनी नोंदी मागितल्या. हॉस्पिटलमधल्या तीन बायकांना विचारलं, परवानगी द्या, तुमचं नाव येणार नाही. तिघी नाही म्हणाल्या. शेवटचा दिवस आला... आणि माझ्याकडे लिहिलेलं हेच होतं. खूप चांगलं होतं. मोह पडला मला. तुम्हाला विचारायला हवं होतं. चूक झाली, बिल्कुल चूक झाली."

"मग तीच फाईल मला उघडायला कशाला सांगितलीस? मी मागचे कागद बघितल्याशिवाय राहणार नाही, हे ठाऊक नाही तुला?"

कादंबरीने हातातली पर्स खाली ठेवली.

"ठाऊक होतं बहुतेक," ती म्हणाली. मग डोळे पुसत तिने विचारलं, "आई, तुम्ही तिसरा रकाना वाचलात का?"

"नाही वाचला आणि वाचणारही नाही! माझ्या दुःखावर तुझी काय मतं आहेत, ती तुलाच लखलाभ!" कुमुदताईंनी कागद तिच्या अंगावर भिरकावले, खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी घरात कुणीच जेवलं नाही.

पहाटे साडेपाचला त्या उठल्या, दात घासले, देवापुढे दिवा लावला. कागद पुन्हा नीट लावून टेबलावरच ठेवलेले होते. न बघता पुढे जायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण माणसाचा जन्माचा स्वभाव काय पहाटे बदलतो? चष्मा डोळ्यांवर गेलाच.

पानावर तीन उभे रकाने होते. पहिल्यात समोरची बाई काय म्हणाली. दुसऱ्यात आपण काय म्हणालो. आणि तिसरा अरुंद रकाना, त्यात असं लिहायचं की त्या क्षणी आपल्याला मनातून काय वाटलं, जे आपण बोललो नाही; हा रकाना फक्त स्वतःपुरता, पाठवायच्या प्रतीत तो नसतो. कालपर्यंत त्यांनी फक्त पहिला वाचला होता. स्वतःचाच.

फेब्रुवारीची अकरा तारीख. पहिला रकाना : त्या दिवशी सकाळी तो निघाला तेव्हाच काय ते बोलणं झालं, नंतर नाही. दुसरा रकाना : ‘हं.’

तिसरा रकाना.

‘हे खरं नाही. यतीनच्या फोनवरचा शेवटचा कॉल यांचा आहे. संध्याकाळी सात चौतीस, अठरा मिनिटं. पोलिसांनी फोन परत दिला तेव्हापासून मला माहीत आहे. मला माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही. आत्ता बोलायला हवं का? नको. त्या ज्या दिवशी हे स्वतःशी कबूल करतील त्या दिवशी त्या उभ्या राहू शकणार नाहीत. त्यांना कुणावर तरी रागावायला हवं आहे. माझ्यावर रागावू देत. त्या रागाच्या बळावर त्या रोज उठतात, आंघोळ करतात, जेवतात. मला नोकरी आहे, वय आहे. त्यांच्याकडे दुसरं काही नाही.’

कुमुदताईंनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली...

अठरा मिनिटं! देवा रे, अठरा मिनिटं! ती त्यांनी मनाच्या कुठल्या तळघरात गाडून टाकली होती? दुसऱ्या दिवशी विलासरावांचं वर्षश्राद्ध होतं. यतीन म्हणाला होता, आई, धुकं फार आहे गं, मी इथेच मित्राकडे राहतो, पहाटे निघतो. आणि त्यांनी फोनवर आकांत मांडला होता. "सकाळी नऊला गुरुजी येणार, आणि कर्ताच घरात नाही? बापाच्या वर्षश्राद्धापेक्षा तुझं धुकं मोठं झालं? आत्ताच्या आत्ता नीघ!" तो निघाला. तो निघाल्यावर त्यांनी पुन्हा फोन लावला होता, सात चौतीसला, आणि पुन्हा तीच कटकट, दर्भ कुठे ठेवलेत, सोवळं कोणतं नेसणार... "आई, गाडी चालवतोय, दिसत नाहीये काही. नंतर बोलू," तो म्हणाला. आणि त्या म्हणाल्या होत्या, "नंतर नाही. आत्ता."

मग एक धाडकन आवाज. मग काहीच नाही. नुसतं खर्र... खर्र... वायपर चालू होता. चिडून फोन सीटवर आपटला असेल, मेला तापट बापावर गेलाय, असं म्हणून त्यांनी फोन बंद केला. आणि चहा गाळायला घेतला.

तो आवाज आणि तो चहा! सहा वर्षं या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींना भेटू दिल्या नव्हत्या. पडद्यांचं कापड मध्ये धरलं होतं. त्या कापडाच्या आडोशाला एका निरपराध पोरीला उभं करून, सहा वर्षं तिच्यावर दगड फेकले होते. आणि तिला सगळं ठाऊक होतं... पहिल्या दगडापासून!

"आई!" कादंबरी धावत आली. कुमुदताई जमिनीवर बसल्या होत्या. कादंबरीने त्यांना कवेत घेतलं.

"तू बोलली का नाहीस गं?" अखेर त्या हुंदक्यांतून म्हणाल्या. "एकदा... एकदा तरी माझ्या तोंडावर फेकायचं होतंस! त्या तेराव्याला मी काय काय बोलले तुझ्या बापाला! तू म्हणायचं होतंस, तूच मारलंस त्याला, थेरडे!"

"आणि मग? मग मी काय मिळवलं असतं? यतीन तर गेलाच होता. आणखी तुम्हालाही घालवून बसले असते." कादंबरी म्हणाली. "तुम्ही नाही मारलं हो त्याला, आई. धुकं होतं. बिनदिव्यांचा ट्रक होता. पण मला राग नव्हता असं नाही समजायचं. पहिली दोन वर्षं तुमचा गळा दाबावासा वाटायचा मला! तेही लिहिलंय तिथे. पान चार."

कुमुदताईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आणि काय सांगावं... रडता रडता दोघींनाही क्षणभर हसू आलं. मग पुन्हा रडू आलं. सहा वर्षांनी त्या घरात पहिल्यांदा दोघी मिळून यतीनसाठी रडल्या. एरवी एक रडायची आणि दुसरी दाराआड उभी असायची.

उजाडलं. कुमुदताईंनी तोंड धुतलं आणि कागद हातात घेतले. "कुठे सही करायची ते सांग. परवानगी हवी ना त्यांना? मी देते. हे पाठवून दे आणि जा तू. तुझं सोनं होऊ दे."

कादंबरीने मान हलवली. "नाही जमणार, आई. नुसत्या परवानगीचा प्रश्न नाही. आपल्या माणसाला केस करायचंच नसतं. आमच्यात पहिला धडाच तो. ज्याच्यावर माया आहे, ज्याच्यावर राग आहे, त्याचं ऐकून घ्यायला आपण मोकळे नसतो. त्यांनी मला निवडलं ते या नोंदी बघून. मला आता सगळं खरं लिहावं लागेल."

"वेडी आहेस का? कोण सांगणार आहे त्यांना? मी तर मरेपर्यंत नाही सांगायची!"

"मी सांगणार आहे," ती म्हणाली. "या घरात झाकून ठेवलेलं पुष्कळ झालं. आता अच्छा मौका आहे, मोकळं होऊ दे सगळं."

तिने पत्र लिहिलं. कुमुदताईंना दाखवलं. ‘श्रीमती के. या माझ्या सासूबाई आहेत. मी हे लपवलं.’ कुमुदताईंनी ते दोनदा वाचलं. काना-मात्रेचा बदल सुचवला नाही.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. उत्तर सभ्य होतं, कडक होतं. खरं सांगितल्याबद्दल आभार. तरीही या नोंदींवर झालेली निवड कायम ठेवता येत नाही. स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट मागे घेतलं आहे. पुढच्या वर्षी नव्या नोंदी घेऊन पुन्हा अर्ज करता येईल, त्याचा विचार इतरांबरोबरच होईल, कुठलंही आश्वासन नाही. कादंबरीने पत्र वाचलं, व्हिसा केंद्राची तारीख रद्द केली, आणि आठ वाजता डबा घेऊन मेट्रो पकडून कामावर गेली. जाताना म्हणाली, "आई, दुपारची गोळी विसरू नका हं."

कुमुदताई कितीतरी वेळ दारातच उभ्या होत्या. त्या पोरीने पाच ओळींचं खरं लिहिलं आणि जन्माचं स्वप्न हातचं घालवलं. हूं की चूं केलं नाही! आणि आपण? आपण सहा वर्षं खोट्यावर जेवलो, खोट्यावर झोपलो. सुनेपाशी रडून झालं, पण चार भिंतींच्या आत. ज्या माणसाची इभ्रत आपण चारचौघांत धुळीला मिळवली, त्याला काय सांगितलं? त्यांनी डायरी उघडली. साताऱ्याचा नंबर शोधला. दोनदा चुकीचा लागला.

"हॅलो, कोण?" पलीकडून थकलेला, पण स्वच्छ मास्तरी आवाज आला.

"हणमंतराव... मी कुमुद बोलतेय. दिल्लीहून."

पलीकडून घाईने प्रश्न आला. "कादंबरी बरी आहे ना?"

"बरी आहे हो, बरी आहे. कामावर गेलीय. मला तुमच्याशी बोलायचंय. मध्ये थांबवू नका, नाहीतर माझी हिंमत सुटेल." आणि त्या भडाभडा बोलत सुटल्या. वर्षश्राद्ध, धुकं, ‘आत्ताच्या आत्ता नीघ’, सात चौतीस, अठरा मिनिटं. काही म्हणजे काही ठेवलं नाही. "तुमच्या मुलीने नाही धाडलं त्याला. मी ओढून आणलं. आणि तेराव्याला तुम्हाला सगळ्यांदेखत मी... तुम्ही माझ्या तोंडात मारायला हवी होती हो, हणमंतराव! मला क्षमा मागायचाही अधिकार नाही, पण तुम्हाला खरं कळायला हवं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"विहीणबाई," शेवटी हणमंतराव म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"काय?"

"पानिपतच्या चौकीत मी होतो ना तिच्याबरोबर. जावईबापूंचं सामान आणायला. तो फोन हवालदाराने माझ्याच हातात दिला. तिने तिथेच बघितलं, मीही बघितलं. बाहेर आल्यावर तिने मला शपथ घातली, बाबा, हे कधी बोलायचं नाही."

"म्हणजे... तेराव्याला तुम्हाला ठाऊक होतं? मी तुम्हाला नाही नाही ते बोलत होते आणि तुम्ही... तुम्ही हात जोडून उभे होतात?"

"शपथेचं जाऊ द्या," हणमंतराव म्हणाले. "शपथ नसती तरी बोललो नसतो. त्या दिवशी माझी लेक माझ्या डोळ्यांसमोर जिवंत उभी होती. तुमचा लेक नव्हता. मी कोणत्या तोंडाने तुम्हाला काही बोलणार होतो?"

कुमुदताई रडल्या नाहीत. रडणं फार लहान वाटलं त्यांना. त्यांनी पदर सावरला, आणि सातव्या मजल्यावरच्या त्या रिकाम्या घरात, समोर कुणी नसताना, फोन कानाशी तसाच ठेवून त्या साताऱ्याच्या त्या माणसापुढे वाकल्या. पार जमिनीला कपाळ टेकेपर्यंत.

"विहीणबाई? ऐकताय ना?" पलीकडून काळजीने विचारणं चालूच होतं.

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोला."